दाउत्सेनचा डावा मागचा पाय

बाउक्ये गेली ती मार्च महिन्यात, सकाळचं दूध काढून होण्याच्या सुमाराला. हेसेल गोठ्यातून हात पुसत आत आला तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. तो थोडा वेळ पलंगाजवळ उभा राहिला. मग टोपी घालून शेजारच्या त्यालिंगच्या दारात गेला आणि म्हणाला, "झालं."

आमच्या बोक्सटेर्प गावात पुढचं सगळं पहिल्या शेजाऱ्याने करायचं असतं. घरच्यांनी कशाला हात लावायचा नसतो. त्यालिंगने काळा कोट चढवला, बायकोला बरोबर घेतलं आणि तो हेसेलच्या घरी आला. भिंतीवरचं घड्याळ त्याने बंद केलं, आरसा भिंतीकडे फिरवला, पडदे ओढले. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने एकेक गोष्ट ठरवायला घेतली. पेटी, घंटा, खांदेकरी, कॉफी, पाव. शवगाडीपाशी येऊन तो अडला.

"लेवार्डनहून मोटार मागवू का? हल्ली सगळे मागवतात. शनिवारी दुपारी येईल म्हणतात."

"तिला मोटार नको होती," हेसेल म्हणाला.

"मग देवळामागची जुनी गाडी काढावी लागेल. चाकं अजून धड आहेत. पण तिला घोड्यांची जोडी लागते. तुझी रिक्स्ट आहे. दुसरी कुठली आणणार? ब्रेमरचा तो तपकिरी घोडा, बैलोबा?"

"रिक्स्ट आणि दाउत्सेन. तसं सांगून गेलीय ती."

त्यालिंगने पेन्सिल खाली ठेवली. "दाउत्सेन म्हणजे सीब्रेनची?"

"गावात दुसरी दाउत्सेन आहे का?"

"नाही, तसं नाही. मी आत्ता सीब्रेनला कळवायलाच निघालोय. त्याची बहीण गेलीय, पहिला निरोप त्यालाच. त्याच वेळी घोडीचंही विचारून टाकतो. ते माझंच काम आहे."

"निरोप तू दे. घोडीचं मी विचारायचं आहे." हेसेल खिडकीकडे बघत होता. पडदा ओढलेला होता, तरीही. "तेही सांगून गेलीय."

हेसेल आणि सीब्रेन सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. दोघांच्या शेतांमध्ये एक कालवा आणि दोन कुरणं एवढंच अंतर. बाउक्ये सीब्रेनची थोरली बहीण. भावाकडचे निरोप ती नवऱ्याला द्यायची, नवऱ्याचे भावाला. ती आजारी पडल्यावरही सीब्रेन रोज यायचा, पण हेसेल गोठ्यात असेल ती वेळ गाठून. खुर्चीवरची उशी दबलेली दिसली की हेसेलला कळायचं, मेव्हणा येऊन गेला.

भांडण घोडीच्या पायावरून झालं होतं.

रिक्स्ट आणि दाउत्सेन सख्ख्या बहिणी, बाउक्येच्या माहेरच्या घोडीच्या पोटच्या. त्या घराण्याचा मूळ धागा बाउक्ये आणि सीब्रेनच्या आजोबांनी जपला होता. त्या काळी शेतकरी मोठमोठे जड घोडे आणायला लागले होते आणि आपले काळे घोडे खाटकाकडे जात होते. काळा घोडा नुसता नाचतो, रविवारी देवळापर्यंत मिरवायला बरा, चिकणमातीत नांगर ओढायला कुचकामी, असं लोक तोंडावर म्हणायचे. साऱ्या देशात वंशाला लावण्याजोगे जुने घोडे तीन उरले होते. आजोबांनी तेव्हा गाय विकली, पण घोडी विकली नाही. लोक त्यांना नाचीवाला म्हणायचे. ते नाव पुढे त्यांच्या मुलालाही चिकटलं.

त्या मुलाने, म्हणजे बाउक्येच्या हाइतने, बापाने, मुलीच्या लग्नात रिक्स्टची आई आंदण दिली आणि तिचं दुसरं शिंगरू घरी परत यावं असं ठरवलं. रिक्स्ट हेसेलकडे जन्मली, तिथेच राहिली. तीन वर्षांनी तिच्या पाठची झाली. कुरणात पहाटे ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा बाउक्ये तिथे होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत ओली काळी, आणि डाव्या मागच्या पायाला खुराच्या वर हातभर नाही, पण चांगला वीतभर पांढरा पट्टा. "दुधात पाय बुडवून आलीय बया," असं बाउक्ये म्हणाली होती. ठरल्याप्रमाणे ते शिंगरू माहेरी गेलं. हाइत तोवर वारले होते. शिंगरू सीब्रेनने वाढवलं.

तीन वर्षांची घोडी तपासणीला आणतात. घोडेपैदास मंडळाचे तीन परीक्षक येतात, उंची मोजतात, तोंड, मान, पाय बघतात, चालवून आणि पळवून बघतात आणि घोडीला पुस्तकात घ्यायचं की नाही ते सांगतात. पुस्तक म्हणजे जातीची वंशनोंद; पायावर थोड्या केसांपलीकडे पांढरं असेल तर त्यात जागा नाही. आमच्याकडे नुसतं पुस्तक म्हटलं की दुसरं कुठलं कुणाच्या मनात येत नाही. हेसेल त्या वर्षी परीक्षकांचा प्रमुख होता. तपासणी गावच्याच हिरवळीवर होती आणि बायकोच्या भावाची घोडी यायची होती, म्हणून त्याने आदल्या आठवड्यात मंडळाला सांगितलं की या घोडीपुरता मी बाजूला उभा राहतो. उरलेल्या दोघांनी तिला पाहिलं. दाउत्सेन त्या दिवशीची सगळ्यात देखणी घोडी होती. पुढचे पाय छातीपर्यंत उचलून ती दुडक्या चालीने गेली तेव्हा कुंपणाला टेकून उभे असलेले म्हातारे बोलायचे थांबले. मग ते दोघे परीक्षक आपसात बोलले. त्यातला एक हेसेलकडे आला आणि हळूच म्हणाला, "थोडे केस आहेत पांढरे. थोडेच म्हणता येतील. तू काय म्हणतोस?"

हेसेल बाजूला उभा राहू शकला असता. तो म्हणाला, "थोडे नाहीत. पट्टा आहे."

मग घोडी मुख्य पुस्तकात गेली नाही. बाजूच्या वहीत तिचं नाव लागलं आणि पुढे लिहिलं गेलं, डावा मागचा पाय पांढरा. कुणीतरी कुंपणाजवळून ओरडलं होतं, "शेगडीचं काळं लावून आणायचं होतंस, सीब्रेन!" लोक हसले. सीब्रेन हसला नाही. त्याने त्या सकाळी तो पाय साबणाने धुऊन, पुसून, केस विंचरून आणला होता. लपवायचं काही नव्हतं त्याला. घोडी घेऊन जाताना तो हेसेलपाशी थांबला आणि म्हणाला, "तू बाजूला होणार होतास ना? मग बाजूलाच का नाही राहिलास?"

त्यानंतर सहा वर्षांत दोघांत दुसरं वाक्य नाही.

हेसेल दुपारी निघाला. कालव्याच्या काठाने, पूल ओलांडून. निघताना त्याने कोट बदलला नव्हता, गोठ्यातलाच होता. दार सीब्रेनच्या बायकोने, येत्स्केने उघडलं. तिचे डोळे लाल होते. त्यालिंग येऊन गेला होता.

"वाट सापडली म्हणायची," ती म्हणाली. मग तिने त्याच्या कोटाकडे बघितलं आणि आवाज उतरला. "ये आत. तो मागे पागेत आहे. मी हाक मारू?"

"नको. मी जातो."

पागेत उजेड कमी होता. सीब्रेन दाउत्सेनला खरारा करत होता. ती स्वच्छच होती. पोट चांगलं भरलेलं, महिना-दीड महिन्यात विणार असं दिसत होतं. हेसेलकडे तिने मान वळवली, कान पुढे केले. माणसावर राग धरायचं या जातीच्या रक्तात नाही.

"त्यालिंग सांगून गेला," सीब्रेन म्हणाला. त्याचा हात थांबला नाही.

"हो."

"त्रास झाला का तिला? शेवटी?"

"नाही. मी आत आलो तेव्हा झालेलं होतं."

"म्हणजे तुला काय माहीत, झाला की नाही."

हेसेल म्हणाला, "खरं आहे. माहीत नाही मला."

सीब्रेनचा खरारा थांबला. त्याने घोडीच्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि थोडा वेळ तसाच राहिला. हेसेलने खांबाला धरलं होतं.

"सीब्रेन, तिला देवळापर्यंत न्यायचंय. रिक्स्टने आणि हिने. तिने सांगितलंय. हे मीच तुला विचारायचं असंही सांगितलंय."

"तिने सांगितलं नसतं तर आला नसतास."

"नसतो आलो."

"निदान खोटं बोलत नाहीस." सीब्रेन वळला. "देतो. पण आधी तू हिला पुस्तकात घे."

हेसेलने घोडीच्या पायाकडे पाहिलं.

"तुझ्या शब्दाला मंडळात किंमत आहे. म्हण, थोडे केस आहेत. थोडेच! तेव्हाचा तो परीक्षकही तेच म्हणत होता. हिच्या पोटात आहे त्याला तरी आईच्या नावाने मान वर करता येईल. आमच्या आजोबांनी उपास काढून जपलेली घोडी आहे रे ही. बाउक्येची घोडी आहे. आज तरी म्हण."

"नाही."

"आजसुद्धा नाही?"

"आजसुद्धा नाही. पट्टा आहे, सीब्रेन. त्याला मी थोडे केस म्हटलं तर उद्या दुसऱ्याच्याही पट्ट्याला म्हणावं लागेल. मग तुझ्या आजोबांनी काय जपलं?"

"म्हणजे मोटार आली तरी चालेल तुला."

"चालणार नाही." हेसेलने खांबावरचा हात काढला. "पण दुसरं मला करता येत नाही."

तो वळला आणि दाराकडे निघाला. दारात येत्स्के उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि वाट सोडली नाही.

"तुम्हा दोघांसाठी वेगळं पुस्तक काढायला हवं," ती म्हणाली. "गाढवांचं. पहिल्याच तपासणीत पास व्हाल. सहा वर्षं ती बाई ह्याचा निरोप त्याला, त्याचा ह्याला करत राहिली. पायांत गोळे यायचे तिच्या, तरी तो पूल चढायची. आता तो पूल कोण चढणार? मी चढणार नाही, सांगून ठेवते."

दाउत्सेनने खूर फरशीवर एकदा आपटला.

"साज तुझ्याकडचा की माझ्याकडचा?" बऱ्याच वेळाने सीब्रेनने विचारलं.

"माझ्याकडचा जुना आहे. जोडीचा. तुमच्या हाइतचाच."

"त्याची डावीकडची बक्कल गेली होती."

"बसवून घेतलीय."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

सीब्रेनने मान हलवली. "शनिवारी सकाळी आणतो," तो म्हणाला आणि परत खराऱ्याकडे वळला.

शनिवारी आभाळ भरलेलं होतं, वारा होता, पाऊस नव्हता. सीब्रेन काळ्या कपड्यांत, डोक्यावर उंच टोपी, हातात दाउत्सेनचा दोर, असा पूल उतरून आला. अंगणात रिक्स्ट आधीच बांधलेली होती. दोघींमध्ये अजून कुंपण होतं तेव्हाच रिक्स्टने मान वर करून मोठी हाक दिली. दाउत्सेनकडून उत्तर आलं. मग सीब्रेनला घोडी आवरेना. त्या दोघी एकमेकींच्या मानेवर मान टाकून उभ्या राहिल्या, नाकपुड्या फुरफुरत, आणि अंगणात जमलेले सगळे खांदेकरी टोप्या हातात घेऊन दुसरीकडे बघत राहिले.

त्यालिंग कामाचा माणूस. त्याने गाडी धुऊन पुसून आणली होती, घोड्यांवर घालायची काळी वस्त्रं झटकून ठेवली होती. घोड्या जुंपायची वेळ आली तेव्हा तो खिशातून एक चपटा डबा काढत सीब्रेनजवळ आला.

"शेगडीचं काळं आहे," तो आवाज खाली ठेवून म्हणाला. "राग मानू नकोस. पण या गाडीला पांढऱ्या पायाची घोडी कधी लागलेली नाही. माझ्या बापाच्या काळापासून नाही. आणि मंडळाची माणसं आलीत, स्नीकपासून, डोक्कुमपासून. हेसेलची बायको म्हणून. त्यांच्या समोर कशाला?"

ज्यांना सहा वर्षांपूर्वीचं ठाऊक होतं त्यांनी सीब्रेनकडे पाहिलं. सीब्रेनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्याने हात पुढे केला.

"दे."

"मी लावतो, तुझे कपडे..."

"दे म्हटलं ना. तेव्हा मी लावलं नाही. आज बहिणीसाठी लावतो. तिची गाडी लोकांनी बोट दाखवण्यासारखी निघायला नको."

तो दाउत्सेनच्या मागे एका गुडघ्यावर बसला आणि डब्याचं झाकण फिरवायला लागला. झाकण गंजलेलं होतं, निघेना. तेवढ्यात हेसेल घरातून बाहेर आला. आत पेटीचं झाकण लावून झालं होतं. तो पायऱ्या उतरला, डबा बघितला, सीब्रेनचा हात बघितला.

"हे काय?"

"त्यालिंग म्हणतो..." सीब्रेनने वाक्य पुरं केलं नाही.

"ठेव तो डबा."

"लोक बघतील, हेसेल. तुझ्याच मंडळाचे."

"बघू देत. पांढरा आहे तर पांढराच दिसू दे. ज्याला मी पुस्तकात काळं म्हटलं नाही, त्याला आज बाउक्येच्या गाडीपुढे काळं म्हणायचं?" त्याने वाकून पायाकडे पाहिलं. पुलाच्या उतारावरचा चिखल खुरापासून वर गुडघ्यापर्यंत उडालेला होता. पट्टा राखाडी दिसत होता. "त्या दिवशी धुऊन आणला होतास."

"आज वाटेत चिखल आहे."

"मग धुऊ."

तो स्वतःच आत गेला. बादली, साबण आणि गोठ्यातला ब्रश घेऊन आला. पाण्याची वाफ निघत होती, कॉफीसाठी तापवलेलं पाणी होतं ते. त्यालिंग पुढे झाला, "अरे, आज तू कशालाही हात लावायचा नाही," असं म्हणाला, पण हेसेलने ऐकलं नाही. अंत्यविधीच्या काळ्या पँटसकट तो ओल्या विटांवर गुडघे टेकून बसला. सीब्रेनने घोडीचा पाय उचलून धरला. हेसेलने खुराच्या वरचे लांब केस मोकळे केले, साबण चोळला, पाणी ओतलं. परत चोळला. गढूळ पाणी विटांच्या फटींतून वाहत गेलं.

"आत, खाचेत राहिलंय," सीब्रेन म्हणाला.

"दिसतंय मला."

"तेव्हाही फार दिसत होतं तुला."

हेसेलचा हात क्षणभर थांबला. मग त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला ते तिथे उभे असलेल्यांपैकी कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि ब्रश पुन्हा चालवायला घेतला. येत्स्के ऍप्रनमधून एक कोरडा पंचा काढून घेऊन आली, तिनेच तो पाय पुसला आणि बोटांनी केस सरळ केले. पट्टा आता भर ढगाळ उजेडातही चुन्यासारखा पांढरा होता.

त्यालिंगने डबा खिशात टाकला आणि हाताची खूण केली. खांदेकरी आत गेले.

घरच्यांनी गाडी हाकायची नसते. त्यालिंग पुढे बसला. मागे पेटी, तिच्यामागे हेसेल आणि सीब्रेन, मग येत्स्के, मग गाव. दोन माणसं एका ओळीत चालताना पावलं जुळायला वेळ लागतो. घोड्यांना लागला नाही. दोघी सहा वर्षांनी एका दांड्याला लागल्या आणि पहिल्या वळणापर्यंत एका पावलात आल्या. मागून चालताना चाकांच्या मधून त्यांचे पाय दिसत होते. तीन काळे आणि एक पांढरा, मग चार काळे, पुन्हा तसेच. हेसेलची नजर रस्ताभर तिथेच होती.

देऊळ उंचवट्यावर आहे. गाडी वर चढली तेव्हा घंटा सुरू झाली. आमच्याकडे पेटी खाली घेण्याआधी देवळाभोवती तीन फेऱ्या घालतात, सूर्य जातो त्या दिशेने. मंडळाची माणसं भिंतीपाशी रांगेत उभी होती, टोप्या काढून. पहिल्या फेरीत गाडी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा त्यांच्या नजरा खाली, त्या पायावर गेल्या. एकाने शेजाऱ्याला कोपर लावलं. दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी पाहिलं. जो परीक्षक त्या दिवशी हिरवळीवर "थोडेच म्हणता येतील" म्हणाला होता, तोही तिथे होता. आता तो म्हातारा झाला होता. तिसऱ्या फेरीत त्याने पायाकडे नाही, हेसेलकडे पाहिलं, आणि मान लववली. हेसेलनेही लववली. घंटा थांबली. पेटी उतरली.

नंतर गावच्या सभागृहात कॉफी झाली, साखरेचा पाव झाला. लोक हळूहळू बोलायला लागले, बाउक्येच्या आठवणी निघाल्या, ती तरुणपणी गाडी किती वेगात हाकायची, एकदा पाद्रीबुवांना कालव्यात कसं जवळजवळ पाडलं होतं. मंडळातल्या कुणी पायाचा विषय काढला नाही. हेसेल आणि सीब्रेन एकाच टेबलाशी बसले होते. त्यांच्यामधली खुर्ची रिकामी होती. तिथे कुणाला बसू द्यायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बसलं नाही.

निघताना बाहेर, घोड्या सोडताना, सीब्रेन म्हणाला, "एप्रिलच्या शेवटी विईल ही."

"घोडा कुठला लावलास?"

सीब्रेनने नाव सांगितलं. मंडळाने मान्य केलेला, चांगल्या घराण्याचा घोडा होता. हेसेलने मान हलवली.

"उन्हाळ्यात आण शिंगरू. बघतो."

"आणि पायावर पांढरं असलं तर?"

"तर पांढरं लिहीन."

"ते माहीतच आहे मला." सीब्रेन दोर गुंडाळायला लागला. "धुऊन आणतो."

दाउत्सेन मात्र निघायला तयार नव्हती. तिने मान रिक्स्टच्या पाठीवर टाकली होती आणि दोर ताणला तरी पाऊल टाकेना. सीब्रेनने एकदा ओढलं, दोनदा ओढलं.

"राहू दे तिला आज माझ्याकडे," हेसेल म्हणाला. "गोठ्यात जागा आहे. तू उद्या येऊन घेऊन जा."

सीब्रेनने त्याच्याकडे पाहिलं, मग पुलाच्या दिशेने पाहिलं.

"किती वाजता येऊ?"

"दूध काढून झाल्यावर," हेसेल म्हणाला. "मी घरात असतो तेव्हा."